यामाहाच्या डीएक्स७ सिंथेसायझरवर (सिंथवर) मिनीमूग या जुन्या अ‍ॅनालॉग सिंथसारखा जाड बेस (खालचा, भारदस्त सूर) निघत नाही. मग या सिंथचं करायचं काय?

आधी त्या बेसचा नाद सोडा. तुमच्या सिंथमध्ये बिघाड नाही, त्याची घडणच वेगळी आहे. मिनीमूगमध्ये ओव्हरटोननी (मूळ सुराच्या वरच्या उपसुरांनी) गच्च भरलेली लहर तयार होते आणि नको तेवढं फिल्टर कापून टाकतो. १९८३ च्या मूळ डीएक्स७ मध्ये फिल्टर नाहीच. त्यात सहा ऑपरेटर, म्हणजे लहर तयार करणारे घटक, सगळे साध्या साइन लहरीचे. एक ऑपरेटर (मॉड्युलेटर) दुसऱ्याला (कॅरिअर) वेगाने हलवतो आणि त्यातून नवे ओव्हरटोन जन्मतात.

हे ऐकायचं असेल तर ‘व्हॉइस इनिट’ करा (म्हणजे कोरा आवाज घ्या) आणि अल्गोरिदम (ऑपरेटरांची जोडणी) ५ घ्या. कॅरिअर ऑपरेटर १, त्याचा रेशो (वाजवलेल्या सुराच्या किती पट कंपनं) १.००. मॉड्युलेटर ऑपरेटर २, त्याचा रेशो १.४०. आता २ ची आउटपुट लेव्हल शून्यापासून हळूहळू वाढवत न्या. ७० च्या पुढेमागे आवाजात धातू उतरायला लागतो. दोन्हींचे एन्व्हलप (लेव्हल वेळेनुसार कशी चढते-उतरते ते) हळूहळू विरत जाणारे ठेवा, पण २ चा १ पेक्षा लवकर उतरू द्या: ठोक्याची धार आधी विरते, गुंजन मागे रेंगाळतं. झाली देवळातली घंटा. लहरीने लहर हलवण्याची ही पद्धत, म्हणजे एफएम सिंथेसिस, शोधणाऱ्या जॉन चाउनिंग यांनी १९७३ च्या आपल्या निबंधात घंटेसाठी हेच प्रमाण दिलं होतं. पूर्णांकी रेशोवर आवाज सुरेल, वाद्यासारखा येतो. अपूर्णांकात गेलात की टाळ, झांज, काच, पत्रा. नेहमीच्या अ‍ॅनालॉग ऑसिलेटर-फिल्टरमधून हे सहज निघत नाही.

पण माझ्या मते याची खरी दौलत बोटांत आहे. ऑपरेटर २ ची ‘की व्हेलॉसिटी सेन्सिटिव्हिटी’ (पट्टी किती जोरात दाबली याचा परिणाम) ६-७ वर न्या. हलकं वाजवलं तर स्वर गोल राहतो, जोरात मारला तर चिरत जातो. नुसता मोठा होत नाही, त्याचा पोतच बदलतो. मूळ मिनीमूगच्या पट्ट्यांना तुम्ही किती जोरात वाजवता याचा पत्ताच नसतो. शिवाय तो एका वेळी एकच सूर देतो आणि तुमच्याकडे सोळा आहेत. सगळ्या ऑपरेटरना एकसारखी सेन्सिटिव्हिटी मात्र देऊ नका. कॅरिअरला २, मॉड्युलेटरला ६, असा फरक ठेवला तरच मजा येते.

जाड पॅड (मागे भरून राहणारा लांब सूर) हवाच असेल तर ऑपरेटर ४→३ आणि ६→५ (मॉड्युलेटर→कॅरिअर) याही जोड्या उघडा, थोडा डिट्यून द्या, म्हणजे सूर किंचित सरकवा. जाडी बेताचीच येईल, पण प्रत्येक जोडीला वेगळा एन्व्हलप दिलात तर एकच सूर धरून ठेवला तरी आत काहीतरी सतत हलत राहतं.

राहिला प्रश्न त्या दोन ओळींच्या स्क्रीनचा. तो छळतोच, ऐंशीच्या दशकात लोक प्रीसेटवरच (आधीच भरून दिलेल्या आवाजांवरच) थांबले ते उगाच नाही. डेक्स्ड नावाचं मोफत सॉफ्टवेअर घ्या. सहाही ऑपरेटर एकत्र दिसतात, डीएक्स७ चे पॅच (साठवलेले आवाज) त्यात उघडतात आणि मिडी जोडणीवरून तुमच्या सिंथला पाठवताही येतात.