मेला, पण गेला नाही : ‘व्हॅम्पायर’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आला आहे : “‘थामा’ या हिंदी सिनेमात व्हॅम्पायरसारख्या पात्रांना बेताल म्हटलंय. बेताल म्हणजे आपला वेताळच. मग मराठीत लिहिताना व्हॅम्पायरला सरळ वेताळ म्हणायला काय हरकत आहे? की पिशाच्च म्हणावं? रक्तपिपासू?”

हरकत आहे, आणि ती माझ्याआधी माझ्या आत्याने घेतली होती. काही वर्षांपूर्वी एका जुन्या परदेशी भयपटाची मराठी उपशीर्षकं माझ्याकडे आली होती. मी बिनदिक्कत सगळीकडे ‘वेताळ’ टाइप करून मोकळा झालो. आत्या शेजारी बसून आमसुलं निवडत होती. तिचं सासर वेंगुर्ल्याकडचं. पडद्यावर काळ्या झग्यातला माणूस एका बाईच्या मानेवर वाकला आणि खाली माझा ‘वेताळ’ उमटला, तशी ती म्हणाली, “आमच्या वेतोबाक रगात कित्याक होया? तेका केळ्यांचो घड पुरता.”

आत्याचा वेतोबा म्हणजे वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीचा वेताळ देव. त्याला नवस फेडताना केळी देतात आणि भल्या मोठ्या चामडी वहाणा वाहतात. रात्री तो गावाची राखण करत फिरतो म्हणून त्या वहाणांचे तळ झिजतात, अशी श्रद्धा. गोव्यातही बेताळाची देवळं आहेत. पुण्यात तर त्याच्या नावाची टेकडी आहे आणि लोक तिथे रोज सकाळी व्यायामाला जातात. अशा राखणदाराला परक्याच्या गळ्याला दात लावायला सांगणं म्हणजे गावच्या पोलीसपाटलालाच दरोडेखोर ठरवण्यासारखं.

बरं, देव बाजूला ठेवू आणि गोष्टीतला वेताळ घेऊ. ‘कथासरित्सागरा’त येणारा हा प्राणी मसणात, झाडाला लटकणाऱ्या प्रेतात शिरून बसतो. राजा त्याला खांद्यावर घेतो, तो गोष्ट सांगतो, कोडं घालतो, राजाने तोंड उघडलं की पुन्हा झाडावर. सबंध वेताळपंचविशीत राजाच्या रक्ताला तो तोंड लावत नाही. उलट शेवटी कपटी साधूचा डाव फोडून राजाचा जीव वाचवतो. फार तर त्याला छळवादी कीर्तनकार म्हणता येईल.

मग हे दोघे एकमेकांना चिकटले कुठे? रिचर्ड बर्टन या इंग्रज प्रवाशाने १८७० मध्ये वेताळाच्या निवडक गोष्टी आपल्या ढंगात इंग्रजीत आणल्या आणि पुस्तकाचं नाव ठेवलं ‘विक्रम अँड द व्हॅम्पायर’. इंग्रजी वाचकाला ‘वेताळ’ कळणार नव्हता, व्हॅम्पायर कळत होता. वटवाघळासारखं उलटं लटकणंही सोयीचं पडलं. म्हणजे हे भाषांतर एकदा तिकडे जाताना चुकलं आणि आता तीच चूक परतीच्या तिकिटावर आपल्याकडे येते आहे. वेताळाच्या नशिबी हे नवीन नाही म्हणा. इंद्रजाल कॉमिक्सवाल्यांनी घट्ट कपडे घातलेल्या फँटमलाही वेताळ करून टाकलं होतं.

‘बेताल’ तर मराठीत चालणारच नाही. आपल्याकडे बेताल म्हणजे ताल सोडून वागणारं, ताळतंत्र नसलेलं. बेताल वक्तव्यांच्या बातम्या रोज छापून येतात. ‘गावात बेताल शिरले’ असं वाचून मराठी माणसाला निवडणूक आली असंच वाटेल.

आता पिशाच्च. ‘पिशित’ म्हणजे मांस, ते खाणारा तो पिशाच, अशी जुनी व्युत्पत्ती सांगतात. त्या हिशेबाने शब्द जवळचा आहे. पण मराठीत येता येता त्याला एक जादा ‘च’ चिकटला आणि मांस गळून पडलं. आज पिशाच्च म्हणजे सरसकट भूत. आणि आपल्या भुतांची शिस्त वेगळी आहे. कोण कसं मेलं त्यावर त्याची जात ठरते. मुंज झालेला पण लग्नाआधी मेलेला मुलगा मुंजा होतो आणि पिंपळावर राहतो. बाळंतपणात दगावलेली बाई वेगळी, वासना अडकलेला समंध वेगळा. ही मंडळी काय करतात तेही क्रियापदांतून पाहा : भूत लागतं, धरतं, झपाटतं, अंगात येतं. चावत मात्र नाही. चावायला दात लागतात आणि दातांना शरीर. आपण मृताला बहुतेक अग्नी देतो, त्यामुळे आपल्या भुताजवळ शरीरच उरलेलं नसतं. ते दुसऱ्याचं वापरतं. वेताळसुद्धा परक्या प्रेतात भाडेकरू असतो. व्हॅम्पायर स्वतःच्याच देहात राहणारा मालक आहे. त्याची गोष्ट सुरू व्हायला आधी प्रेत पुरावं लागतं.

ती सुरूही तशीच झाली. १७२५ मध्ये सर्बियातल्या किसिल्येवो गावात एक शेतकरी मेल्यावर गावात पटापट माणसं दगावली. त्याचं थडगं उकरलं तर प्रेत ताजं, तोंडाला रक्त. तिथे तेव्हा ऑस्ट्रियाचा अंमल होता, त्यामुळे या प्रकाराचा रीतसर सरकारी अहवाल झाला. १७३२ मध्ये दुसऱ्या एका गावातला तसाच अहवाल युरोपभर गाजला आणि ‘व्हॅम्पायर’ हा शब्द वर्तमानपत्रांतून इंग्रजीत शिरला. हा मूळ व्हॅम्पायर खेडवळ, फुगलेला, लालबुंद. झगा नाही, किल्ला नाही, फ्रेंच बोलणं तर नाहीच. त्याला सरदार केला साहित्याने. १८१९ मध्ये जॉन पॉलिडोरी या डॉक्टरने लॉर्ड रथवेन उभा केला आणि १८९७ मध्ये ब्रॅम स्टोकरचा काउंट ड्रॅक्युला आला.

इथे एक कंस, कारण यावर लोक पैजा हरतात. स्टोकरच्या कादंबरीत ड्रॅक्युला लंडनच्या पिकॅडिलीत भरदिवसा फिरतो. उन्हात त्याची शक्ती कमी होते, तो मरत नाही. उन्हाने मरण्याची कल्पना १९२२ च्या ‘नोस्फेराटू’ या जर्मन मूकपटाने रुळवली. त्या चित्रपटाने स्टोकरच्या वारसांची परवानगी घेतली नव्हती. स्टोकरच्या पत्नीने दावा लावला आणि १९२५ मध्ये सगळ्या प्रती नष्ट करण्याचा हुकूम झाला. काही प्रती तरीही बचावल्या. म्हणजे तो सिनेमाही नेमका त्याच्या नायकासारखा वागला.

स्टोकरने कादंबरीला आधी योजलेलं नाव इंग्रजीत ‘न-मेलेला’ अशा अर्थाचं होतं. हे मराठीत आणायला बसा, मजा येते. मृत नाही तो अमृत! व्याकरण बिनचूक, पण वाचक चमचा घेऊन येईल. ‘अमर’ म्हटलं तर देव किंवा हुतात्मा. ‘अर्धमेला’ म्हणावं तर लोकलच्या गर्दीतून घरी पोचलेला माणूस. मला उपशीर्षकांत शेवटी आपल्या रोजच्या बोलण्यातलीच फोड सापडली. आपण मेलेल्याला ‘गेला’ म्हणतो ना? व्हॅम्पायर मेला, पण गेला नाही. त्या वाक्यावर आत्याने मान डोलावली आणि आमसुलांचा डबा बंद केला.

रक्तपिपासूकडे येतो. हा शब्द मीही बरीच वर्षं नाकारत आलो. कारण सोपं : तो हुकूमशहांसाठी आणि अग्रलेखांसाठी राखीव झाला आहे. पण शब्द उघडून पाहिला आणि मत बदललं. ‘पा’ म्हणजे पिणे, त्याचं इच्छादर्शक रूप पिपासा. ज्ञा वरून जिज्ञासा, मुच् वरून मुमुक्षा, तसंच हे. जिज्ञासूला ज्ञान झालेलं नसतं, ते हवं असतं. मुमुक्षू अजून सुटलेला नसतो. तसा पिपासू हा पिणारा नव्हे, प्यावंसं वाटणारा. आणि गेल्या पन्नासेक वर्षांतल्या कादंबऱ्या-चित्रपटांनी व्हॅम्पायरचं जे काही केलं आहे, ते सगळं या एका प्रत्ययात मावतं.

जुन्या गोष्टीत व्हॅम्पायर येतो, पितो, लोक त्याला खुंटा ठोकतात. त्याला कसं वाटतं हे विचारायला कोणी थांबत नाही. स्टोकरची सगळी कादंबरी इतरांच्या रोजनिशा आणि पत्रं यांतून उलगडते. काउंटची स्वतःची रोजनिशी तीत नाही. १९७६ मध्ये अ‍ॅन राइसने ‘इंटरव्ह्यू विथ द व्हॅम्पायर’ लिहिली आणि कॅसेटवर टेप चालू ठेवून व्हॅम्पायरलाच बोलायला बसवलं. तो बोलतो ते तहानेबद्दल, ती भागवल्यावर येणाऱ्या अपराधीपणाबद्दल, आणि न संपणाऱ्या आयुष्याच्या कंटाळ्याबद्दल. तेव्हापासून कथेचा गाभा दातांवरून तहानेवर सरकला. पिणं हा आता प्रसंग नाही, न पिणं हा प्रसंग आहे. २००८ च्या ‘लेट द राइट वन इन’ या स्वीडिश चित्रपटात आमंत्रणाशिवाय उंबरठा ओलांडलेली व्हॅम्पायर पोर स्वतःच रक्तबंबाळ होते, कारण बोलावल्याविना आत यायचं नाही हा तिचा नियम. (मराठी घरात हा नियम टिकणं कठीण. दार उघडता उघडताच आपल्या तोंडून ‘या, बसा’ निघून जातं. आणि निघताना तो ‘येतो’ म्हणाला, तर काय समजायचं?)

मग ‘ट्वायलाइट’ची मालिका, पहिली कादंबरी २००५ ची. तीतलं कलन कुटुंब माणसांना सोडून जनावरांचं रक्त पितं आणि स्वतःला गमतीने शाकाहारी म्हणवतं. माझ्याकडे एका पुतणीने विचारणा केली होती की इथे ‘माळकरी’ लिहू का. नको. माळकऱ्याला हरणाचंही रक्त चालायचं नाही. फार तर ‘श्रावण पाळणारे’ म्हणावं. पण त्यातल्या व्हॅम्पायर नायकाचं सगळं नाट्य काय आहे? वर्गात शेजारी बसलेल्या मुलीच्या रक्ताचा वास येतो आणि तो बाकाची कड पकडून बसतो. पिपासू शब्दाचं याहून चांगलं चित्र मला सुचत नाही. त्याच्या उन्हात चमचमणाऱ्या कातडीवर मात्र मी काही बोलणार नाही.

तहानेसाठी पिपासू झाला. कृतीसाठी? ‘रक्त शोषणे’ मला सावकारी वाटतं. त्यात दोष आपल्या समाजसुधारकांचा नाही, कार्ल मार्क्सनेही भांडवल व्हॅम्पायरसारखं जिवंत श्रम शोषतं असं ‘भांडवला’त लिहून ठेवलं आहे. मराठीत त्यापेक्षा अंगाशी येणारं क्रियापद पडून आहे : लुचणे. वासरू लुचतं, तान्हं बाळ लुचतं. यात ओठ आहेत, ऊब आहे, चिकटून राहणं आहे, म्हणूनच तो शब्द रक्ताजवळ ठेवला की शहारा येतो. नारायण धारपांच्या रक्त पिणाऱ्यांच्या कादंबरीचं नावच ‘लुचाई’ आहे. त्या नावात मला हेच क्रियापद ऐकू येतं. मूळ इंग्रजीत ‘चोखणे’ असेल तिथे मी आता डोळे मिटून ‘लुचणे’ घालतो.

आणि ज्याला चावला त्याचं काय? इंग्रजीत त्याला ‘वळवला’ म्हणतात, मराठीत ते धर्मांतर वाटेल. १९५४ च्या ‘आय अ‍ॅम लेजंड’ कादंबरीपासून व्हॅम्पायर होणं हा एक रोगही झाला आहे, जंतूंनी होणारा. इथे आपली ‘बाधा’ कामाला येते. भूतबाधा, विषबाधा, २०२० पासून कोरोनाबाधित. भूत आणि जंतू दोघांनाही एकच शब्द लावणारी भाषा आयती हाताशी असताना ‘व्हॅम्पायरबाधित’ म्हणायला लाजू नये.

एक गोष्ट प्रश्नात नव्हती, तरी सांगतो. हा शब्द आपल्याकडे केव्हाच आला आहे, फक्त आपण त्याला ओळखलं नाही. १८९७ मध्येच, ड्रॅक्युलाच्या वर्षी, मुंबईत जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंगने एका चित्रावरून ‘द व्हॅम्पायर’ नावाची कविता लिहिली. पुरुषाला लुबाडून मोकळी होणाऱ्या बाईवरची. त्या कवितेवरून नाटक झालं, १९१५ मध्ये थीडा बारा या अमेरिकन नटीचा मूकपट आला आणि अशा बाईसाठी शब्दाची शेपटी तोडून ‘व्हॅम्प’ रूढ झाला. तीच आपली हिंदी सिनेमातली व्हॅम्प. नादिरा, हेलन, बिंदू. हातात सिगारेट होल्डर, मागे क्लबातला सॅक्सोफोन. रक्ताऐवजी तिजोरीची किल्ली.

तेव्हा उत्तर : नाम म्हणून ‘व्हॅम्पायर’च ठेवा. तहान दाखवायची असेल तिथे रक्तपिपासू, कृतीला लुचणे, परिणामाला बाधा. विभक्ती ‘डॉक्टर’सारखी चालवावी : व्हॅम्पायरने, व्हॅम्पायरला, अनेकवचनी व्हॅम्पायरांनी. स्त्रीलिंगासाठी मात्र ‘व्हॅम्पायरीण’ करू नका. मास्तरीण, डॉक्टरीण, पाटलीण यांच्या रांगेत ती बसली की नवऱ्याच्या हुद्द्यावर जगणारी बाई वाटते. १८७२ च्या कथेतली व्हॅम्पायर कार्मिला ड्रॅक्युलाच्या पंचवीस वर्षं आधीची, आणि ती कोणाची बायको नव्हती. ‘ती डॉक्टर’ तशी ‘ती व्हॅम्पायर’.