इतिवृत्ताची वही मागून घे

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद. फ्लॅटचे फोटो पाहिले. उजेड भरपूर आहे, आणि स्वयंपाकघराचं तू इतकं कौतुक केलंयस की तुझं मन बसलंय हे कळलंच. म्हणूनच टोकन देण्याआधी घाईनं लिहितोय.

फ्लॅट घेणं म्हणजे अनोळखी माणसांच्या भागीदारीत शिरणं. आतल्या खोल्या तुझ्या. पण गच्ची, जिना, लिफ्ट, टाक्या, पाया सगळ्यांचं. त्यात तुझा अविभक्त हिस्सा, आणि हिश्शामागोमाग खर्चही. भागीदार कसे आहेत आणि त्यांच्या गाठीला किती आहे, हे टाइल्सच्या आधी बघायचं.

त्यासाठी सोसायटीच्या गेल्या तीन-चार वर्षांच्या सभांची इतिवृत्तं माग. वाचायला रटाळ असतात, पण घराचा खरा स्वभाव तिथेच सापडतो. माझ्या पहिल्या फ्लॅटच्या वेळी मी ती मागितली नव्हती. वरचा मजला, भिंतींना ताजा रंग, मी खूश. पहिल्याच पावसात बेडरूमच्या छताच्या कोपऱ्यात बशीएवढा पिवळट डाग उमटला आणि महिनाभरात पोपडे पलंगावर पडू लागले. मग वही चाळली. ‘गच्चीचे वॉटरप्रूफिंग : विषय पुढील सभेत घ्यावा’, हे एकच वाक्य ओळीनं पाच सभांत. विकणाऱ्याला ठाऊक होतं, सचिवाला ठाऊक होतं. वर्षाच्या आत जादा वर्गणीची नोटीस आली, आणि ती भरायला विकणारा नव्हता, मी होतो. (ताज्या रंगाचा वास आला की मी अजूनही आधी छताकडे बघतो.)

दुसरा कागद ताळेबंदाचा. मोठ्या दुरुस्तीसाठी राखलेली गंगाजळी किती, आणि लिफ्ट, पाइप, गच्ची यांची वयं काय, हे शेजारी शेजारी मांड. लिफ्ट म्हातारी आणि तिजोरी रिकामी असेल, तर उरलेली किंमत तू भरणार आहेस. मेंटेनन्स कमी आहे म्हणून दलाल खूश करायला बघेल. मला तर कमी मेंटेनन्सची जुनी इमारत दिसली की धास्तीच वाटते.

फ्लोरिडातल्या सर्फसाइडची चॅम्प्लेन टॉवर्स साउथ ही इमारत आठव. १९८१ साली बांधलेली, बारा मजली, १३६ घरांची. स्विमिंग पूलच्या डेकखालचं वॉटरप्रूफिंग निकामी होऊन काँक्रीटच्या स्लॅबचं मोठं नुकसान झालंय, असं अभियंत्यानं २०१८ मध्येच लेखी दिलं होतं. पुढे खर्चावरून रहिवाशांत वाद होत राहिले. सुमारे दीड कोटी डॉलरची वर्गणी मंजूर झाली ती एप्रिल २०२१ मध्ये. २४ जून २०२१ च्या पहाटे इमारतीचा मोठा भाग कोसळला. ९८ माणसं गेली. कोसळण्याचं कारण हा तज्ज्ञांचा विषय. आपण एवढंच बघायचं की तो अहवाल कागदपत्रांत होता, मागणाऱ्याला वाचता आला असता. तू मागशील तेव्हा इमारतीची संरचनात्मक तपासणी शेवटची कधी झाली हेही विचार.

थकबाकीदार किती, तेही बघ. चाळीस घरांपैकी आठ पैसे भरत नसतील, तर तोच खर्च भागवायला बाकीच्या बत्तीस जणांना सव्वापट भरावं लागतं. सोसायटीवर एखादा खटला चालू असेल तर वकिलाचं बिलही त्याच वर्गणीतून जातं.

नियमावली वाच: भाड्यानं देता येतं का, कुत्रा चालतो का, भिंत पाडायला परवानगी लागते का. सोसायटीचा विमा कुठे संपतो आणि तुझा कुठून सुरू करायचा, हेही लेखी घे. क्षेत्रफळ कार्पेटचंच धर, म्हणजे घराच्या आत प्रत्यक्ष वापरता येतं तेवढंच. जिन्याचा वाटा मिळवून सांगितलेल्या आकड्यावर कपाट मावत नाही.

आणि संध्याकाळी एकटीच जाऊन ये, दलालाला न सांगता. तळघरात पंपाशेजारी उभी राहा, भिंतीला हात लावून ओल बघ, खांबांवर गंजाचे तांबूस ओघळ आहेत का बघ. लिफ्टमध्ये भेटेल त्याला विचार, ‘पाणी कसं आहे?’ माणसं बोलतात.

वही मिळाली की मला पाठव. सचिव ‘ती कशाला हवी?’ म्हणाला, तर तेही कळव. मग बाकीचे कागद बघायची मला गरज पडणार नाही.

तुझा,
काका