नोकरी न सोडता हॉस्पिटल चॅप्लेनने पुढे काय शिकावं?

तुमचा प्रश्न असा आहे: नागपुरातल्या मिशन हॉस्पिटलमध्ये चॅप्लेन (रुग्णांना धीर देणारा, त्यांच्याबरोबर प्रार्थना करणारा पाळक) आहे, बीए आणि बीडी (थिऑलॉजीची, म्हणजे ईश्वरविद्येची पदवी) झालंय, नोकरी सोडता येत नाही, तर पदव्युत्तर शिक्षण कोणतं घ्यावं?

पाळकसाहेब, पदवीचं नाव नंतर ठरवा. आधी क्लिनिकल पास्टोरल एज्युकेशनचं, म्हणजे सगळे ज्याला सीपीई म्हणतात त्याचं, एक युनिट पूर्ण करा. बीडीला पाळकीय समुपदेशनाचा पेपर असतो, पण खाटेशेजारी आपण काय बोलतो हे दुसरं कुणी तपासत नाही. ते तपासून घेण्याची ही पद्धत आहे. १९२५ साली अँटन बॉइसन यांनी अमेरिकेतल्या वूस्टरच्या मनोरुग्णालयात थिऑलॉजीच्या विद्यार्थ्यांना वॉर्डात उतरवून ती सुरू केली. ते स्वतः अशा रुग्णालयात रुग्ण म्हणून राहिले होते.

अमेरिकन मानकानुसार एक युनिट किमान ४०० तासांचं. त्यातले किमान १०० तास बरोबरच्या शिकणाऱ्यांच्या गटात आणि सुपरवायझरबरोबर, म्हणजे शिकवणाऱ्याबरोबर, बाकीचे बहुतेक रुग्णांबरोबर. आठवड्याला १२ तास वॉर्ड आणि ४ तास गट धरले तर २५ आठवडे लागतात. १२ तासांचा वॉर्ड तुम्ही नोकरीत करताच. तो मोजला जाईल का, हे प्रवेशाआधी लेखी विचारून घ्या. तोंडी 'हो' वर बसू नका, शेवटी तास भरत नाहीत.

शिक्षणाचा गाभा म्हणजे व्हर्बेटिम. भेट झाली की त्याच दिवशी, आठवणीने, संभाषण जसंच्या तसं उतरवायचं. रेकॉर्डिंग करायचं नाही. नाव आणि खाट क्रमांक बदलायचे, डावीकडे रुंद समास सोडायचा, आणि शांतता, नजर, नर्सचं आत येणं, सगळं लिहायचं. उदाहरणादाखल एक तुकडा (आकडा म्हणजे त्या माणसाचं कितवं बोलणं):

रुग्ण ३: साहेब, देवानं माह्यावरच काऊन आणलं हे?
चॅप्लेन ३: देव सोसण्यापलीकडे भार देत नाही. चला, प्रार्थना करू.
रुग्ण ४: करा. (डोळे खिडकीकडे.)

चॅप्लेन म्हणाला 'करू', रुग्ण म्हणाला 'करा'. त्या एका काना-उकारात तो माणूस बाजूला झाला. त्याचा प्रश्न चॅप्लेनला सोसवला नाही म्हणून प्रार्थना लवकर आली, हे गटात बाहेर येतं. एकट्याने वाचलं तर हे पान अगदी ठीक वाटतं, म्हणून गट लागतोच.

इथे सर्वांत जास्त बिघडतं ते असं: व्हर्बेटिम तीन दिवसांनी लिहिलं जातं आणि आपलीच वाक्यं सुधारून येतात. किंवा सुपरवायझर हाच आपला वरिष्ठ असतो. मग माणूस चुकलेली भेट आणत नाही, जमलेली आणतो.

भारतात वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज आणि बेंगळुरूचं बाप्टिस्ट हॉस्पिटल इथल्या चॅप्लेन विभागांना आधी पत्र लिहा. तारखा, तासांची विभागणी आणि प्रमाणपत्रावर नेमकं काय लिहिलं जातं, हे तिन्ही विचारा. भाषेची भीती नको. वेल्लोरला बंगाल-झारखंडकडचे रुग्ण भरपूर असतात, तिथे हिंदी चालते.

आता पदवी. बंगालमधल्या सेरामपूर कॉलेजचं एमटीएच, म्हणजे थिऑलॉजीची पदव्युत्तर पदवी, हे पाळकीय सेवेसाठी सरळ पुढचं पाऊल आहे, पण ते दोन वर्षं कॉलेजात राहून करायचं असतं. मंडळीने (तुमच्या चर्चने) पगारी रजा दिली तरच विचार करा.

'इग्नूतून एमए मानसशास्त्र करून घ्या' हा सल्ला तुम्हाला बरेच जण देतील. तो जुना झाला. २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून यूजीसीने मानसशास्त्राचे नवे प्रवेश दूरशिक्षण आणि ऑनलाइन पद्धतीने बंद केले आहेत. कुणी आजही घरबसल्या एमए मानसशास्त्राची जाहिरात करत असेल तर पैसे भरू नका. आणि नियमित कॉलेजातून एमए केलं तरी त्यावर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होता येत नाही, त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते.

माझं मत एमएसडब्ल्यूकडे, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीकडे झुकतं. नागपुरात तिरपुडे आणि मातृसेवा संघ ही समाजकार्याची कॉलेजं आहेत. वैद्यकीय-मनोरुग्ण समाजकार्य घेतलंत तर कुटुंब, खर्च, सरकारी योजना, घरी पाठवणी या गोष्टी शिकता, आणि रुग्णाच्या बहुतेक रात्री त्याच काळजीत जातात. पुढे सरकारी रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षक पदाची वाटही उघडते. अडचण हजेरीची: दिवसाचे वर्ग, शिवाय क्षेत्रकार्य, म्हणजे एखाद्या संस्थेत प्रत्यक्ष काम. तुमचंच हॉस्पिटल क्षेत्रकार्यासाठी चालेल का, ते प्राचार्यांना आधी विचारा. बहुधा दुसरी संस्था देतील, आणि तेच बरं.

प्रवेशाला बीएची गुणपत्रिका पुढे करा. तुमची बीडी सेरामपूरची असेल तर त्या संस्थेला १८२७ च्या डॅनिश राजसनदेपासून पदवीचा अधिकार आहे. एटीएची (एशिया थिऑलॉजिकल असोसिएशन) असेल तर ती चर्चच्या वर्तुळातली मान्यता आहे, विद्यापीठ धरत नाही. ज्या सहकाऱ्यांकडे बीए नाही, फक्त एटीएची बीटीएच (थिऑलॉजीची पदवी) आहे, त्यांना आधी मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी करावी लागेल.

मेडिकल सुपरिंटेंडंटना 'शिक्षणासाठी सवलत' असा मोघम अर्ज देऊ नका. २५ आठवडे, दर बुधवारी दुपारी ४ तास, त्या वेळी वॉर्डातल्या हाका कोण घेईल त्याचं नाव, आणि व्हर्बेटिममध्ये रुग्णाची ओळख राहणार नाही ही हमी, एवढं एका पानात लिहा. सुरुवात ईस्टरनंतरच्या आठवड्यात धरा. मग ऑक्टोबर संपायच्या आत युनिट पुरं होतं आणि नाताळाआधीचा आगमनकाळ लागायच्या आधी तुम्ही मोकळे असता.