सोसायटीच्या नामफलकावर महिलांच्या नावाआधी ‘सौ.’ लिहावे की ‘श्रीमती’?

नेरूळमधील आपल्या गृहनिर्माण संस्थेचा नवा नामफलक तयार होत असून त्यावर महिला सभासदांच्या नावांआधी ‘सौ.’, ‘श्रीमती’ की ‘कुमारी’ लिहावे, असे आपण विचारले आहे. माझ्या मते, पुरुषांच्या नावांआधी ‘श्री.’ येणार असेल, तर महिलांच्या नावांआधी सरसकट ‘श्रीमती’ लिहावे, किंवा कोणाच्याच नावाआधी काही लिहू नये. शासकीय पत्रव्यवहारात विवाहित, अविवाहित असा भेद न करता ‘श्रीमती’ लिहिण्याची पद्धत रुळलेली आहे. (‘श्रीमती’पुढे टिंब देऊ नये; तो संक्षेप नाही.)

अडचण येते ती वेगळीच, आणि वाशीतील आमच्या संस्थेचे सचिवपद सांभाळताना ती मी पाहिली आहे. हिंदी भाषक सभासदाला ‘श्रीमती’ म्हटले की विवाहित स्त्री आठवते, तर जुन्या वळणाच्या मराठी घरात त्याच शब्दावरून वैधव्याची शंका येते. त्यामुळे नवरा हयात असलेल्या एखाद्या आजी ‘माझ्या नावाआधी हे का लिहिले?’ म्हणून रागावणे स्वाभाविक आहे. त्यांना नियम सरसकट असल्याचे आधीच सांगितले, तर बहुधा समजूत पटते.

‘सौ.’ मात्र फलकावर मुळीच नको. ‘श्री.’वरून पुरुष विवाहित, अविवाहित की विधुर हे कळत नाही, ‘सौ.’वरून स्त्रीचा नवरा हयात असल्याचे जिन्याखालच्या टपालपेट्यांपाशी येणाऱ्या प्रत्येकाला कळते. पुढे नवरा वारल्यावर ते एक अक्षर खरवडून काढायचे की तसेच ठेवायचे, हे संस्थेने ठरवायचे, आणि दोन्हींपैकी काहीही केले तरी ते त्या बाईंच्या डोळ्यांसमोर रोज राहणार. घटस्फोट झाला तरी हाच प्रकार. सभासद नोंदवहीतही नाव करारनाम्याप्रमाणेच ठेवावे.

एप्रिल २०२३ मध्ये तत्कालीन महिला व बालविकास मंत्री मंगलप्रभात लोढा यांनी विधवांसाठी ‘गंगा भागीरथी’, म्हणजे पत्रांतले जुने ‘गं. भा.’, वापरण्याबाबत प्रस्ताव तयार करण्यास सांगितले, तेव्हा मोठी टीका झाली होती. संबोधन सन्मानाचे असले, तरी ओळख पुन्हा नवऱ्याच्या असण्या-नसण्यावरच टांगलेली राहते, हा आक्षेप मला योग्य वाटतो.

लग्नपत्रिकेतील ‘चि. सौ. कां.’ किंवा घरच्या पत्रातील ‘ती. सौ. आई’ हा कुटुंबाचा प्रश्न आहे. तेथे संस्थेने नाक खुपसू नये. ‘डॉ.’ किंवा ‘ॲड.’ असल्यास तेवढेच लिहावे, ‘डॉ. सौ.’ अशी जोडी तर कृपया टाळावी. रंगाऱ्याकडे यादी देण्यापूर्वी ती सूचना फलकावर लावून प्रत्येक महिला सभासदाकडून आपल्या नावासमोर स्वाक्षरी घ्यावी. नावातील ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकाही त्यातच सापडतील.