मावशी ४० वर्षं प्रकाशनात होती. तिच्यावर स्मृतिलेख लिहायचा आहे, पण घरचे म्हणतात कामाचं नको, स्वभावाबद्दल लिही. काय करावं?

कामाबद्दलच लिहा. घरच्यांचं या बाबतीत ऐकू नका.

"नोकरीचं पुराण कशाला?" हे शब्द मी माझ्या थोरल्या भावाच्या तोंडून ऐकलेत, म्हणून तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही. माझी आत्या संपादन आणि मुद्रितशोधन, म्हणजे छापण्याआधी मजकूर तपासून दुरुस्त करण्याचं काम, करायची. धातूच्या खिळ्यांनी एकेक अक्षर हाताने जुळवायच्या छपाईच्या काळात कामाला लागली आणि युनिकोड, म्हणजे कुठल्याही संगणकावर वाचता येणारी मराठी, आल्यावर थांबली. ती गेल्यावर स्मरणसभेत वाटायच्या पत्रकाचा मजकूर मी लिहिला होता, चांगली दोन पानं. दादाने त्याच्या चार ओळी केल्या. प्रेमळ, सोशिक, भावंडांसाठी झिजलेली, सर्वांच्या हाकेला धावणारी. मी विचारलं, यात पुस्तकं कुठे आहेत? तर म्हणाला, "तिनं स्वतः एक ओळ तरी लिहिली का? लोकांच्या चुका काढायची, एवढंच ना." घरात सगळे रडवेले झाले होते. मी गप्प बसले. ते गप्प बसणं मला अजून छळतं.

मी नऊ-दहा वर्षांची असताना आत्या मला मूळ प्रत वाचायला बसवायची. हस्तलिखित मी मोठ्याने वाचायचं, आणि ती समोर प्रूफ, म्हणजे छापखान्याने तपासायला पाठवलेली प्रत, घेऊन ओळीखाली पुठ्ठ्याची पट्टी सरकवत जायची. नुसते शब्द वाचून भागत नसे. "आई म्हणाली स्वल्पविराम अवतरण सुरू थांब जरा उद्गारचिन्ह अवतरण पूर्ण" असं सगळं म्हणायचं. ऱ्हस्व-दीर्घ मात्र ती माझ्या आवाजावर सोडत नसे, ते स्वतः डोळ्यांनी बघायची, कारण बोलताना आपण तो फरक धड करतच नाही.

एकदा एका कादंबरीचं पहिलं प्रूफ तिच्याकडे आलं. त्यात एक म्हातारी होती, तिच्या तोंडी 'व्हतं' आणि 'न्हाई'. कुणा नव्या मुद्रितशोधकाने सगळीकडे खुणा करून 'होतं' आणि 'नाही' करून ठेवलं होतं. प्रूफ सकाळी प्रेसला परत जायचं होतं. आत्या रात्री दिवा घेऊन बसली आणि एकेका शब्दाखाली ठिपके देऊन समासात 'तसेच ठेवा' लिहीत गेली. ठिपके म्हणजे केलेली दुरुस्ती रद्द. पानामागून पान तेच. मी म्हटलं, आत्या, पहिल्या पानावर एकदाच लिही ना. ती म्हणाली, "पानं वेगवेगळ्या जुळाऱ्यांकडे, खिळे जुळवणाऱ्यांकडे, जातात. एकाने वाचलं आणि दुसऱ्याला कळलंच नाही, तर म्हातारी अर्ध्या पुस्तकात आपलं बोलेल आणि अर्ध्यात मास्तरीणबाईसारखं."

दादा, याला चुका काढणं म्हणत नाहीत.

नवीन आवृत्ती निघाली की लोकांना वाटतं, जुनंच परत छापलं. खिळ्यांच्या काळात फर्मा, म्हणजे एका वेळी छापायच्या पानांचा संच, छापून झाला की खिळे सोडवून खणांत परत टाकायचे, त्यांच्यावरच पुढचं काम जुळायचं. म्हणजे पुनर्मुद्रण म्हणजे बहुतेक वेळा अख्खं पुस्तक नव्याने जुळवणं, आणि आधीच्या आवृत्तीत नसलेल्या ताज्या चुका. शिवाय १९६२ साली मराठी लेखनाचे नवे नियम आले, १९७२ मध्ये त्यांत आणखी चारांची भर पडली. 'नांव', 'कांहीं' यांच्या डोक्यावरचे उच्चारात नसलेले अनुस्वार गेले. जुन्या पुस्तकातला असा एकेक ठिपका आत्याने हाताने उतरवलाय, आणि मध्येच कुणाचं जुनं पत्र उद्धृत केलेलं असेल तर तिथले तसेच राखलेत. कुठला काढायचा आणि कुठला ठेवायचा हे ठरवायला सगळं पुस्तक समजून वाचावं लागतं.

पुढे संगणक आला तरी तिची नजर तीच. २००७ पासून आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक, १३ आकडी झाला. त्याचे आकडे ओळीने १ आणि ३ ने आळीपाळीने गुणायचे, बेरजेला १० ने पूर्ण भाग गेला पाहिजे. मुखपृष्ठाचं प्रूफ हातात आलं की आत्या ओठांतल्या ओठांत ही बेरीज करायची. एकदा जुळेना. दोन आकड्यांची अदलाबदल झाली होती. छपाईला निघालेलं मुखपृष्ठ थांबवलं.

आता तुमचं. मावशीने काम केलेली पुस्तकं काढा आणि प्रत्येकाचं मनोगत, ऋणनिर्देश वाचा. संपादकाचं नाव बहुधा तिथेच एखाद्या वाक्यात सापडतं. लेखकांना फोन करा आणि त्यांच्या पुस्तकातली अशी एक जागा विचारा, जी मावशीमुळे बदलली. "फार छान होत्या" एवढंच उत्तर आलं तर पुन्हा विचारा. प्रेमळ, कष्टाळू हे शब्द कुणाच्याही मावशीला लागतात. रात्रभर ठिपके देत बसलेली बाई सांगितली की स्वभाव वेगळा सांगावा लागत नाही.

तुमची मावशी संपादनात होती असं मी धरून चाललेय. विक्रीत किंवा निर्मितीत असेल तर लेखकांऐवजी छापखानेवाल्यांना आणि पुस्तकविक्रेत्यांना गाठा. पत्रं सापडली तर कागद तुमचा असला तरी मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा असतो, छापण्याआधी परवानगी घ्या. जुन्या फाइली उघडल्यावर अगम्य इंग्रजी अक्षरं दिसली तर पुसून टाकू नका. युनिकोडच्या आधीच्या पुष्कळ फाँटांत मराठी अक्षरं इंग्रजीच्या जागांवर बसवलेली असत. तो फाँट किंवा परिवर्तक मिळाला की वाचता येतात.

आणि दादाबद्दल एवढं सांगायला हवं की त्याची माया खोटी नव्हती. शेवटची दोन वर्षं आत्याला त्यानेच सांभाळलं, रात्री-अपरात्री उठून. पण तिची खोली आवरताना प्रुफांचे गठ्ठे त्याने मला न विचारता रद्दीत दिले. म्हातारीच्या बोलण्याची ती ठिपक्यांची पानं त्यातच गेली. म्हणून आज-उद्यात मावशीचं कपाट गाठा. लेख महिन्याने लिहिलात तरी चालेल.