भीमगडच्या रानात पहिला मुक्काम

पहिला मुक्काम पावसाळ्यात नको रे. बेळगाव जिल्ह्यातल्या या जांबोटी-कणकुंबी भागातला पाऊस कसल्याही तंबूत शिरतो. डिसेंबर बरा. भीमगड २०११ पासून अभयारण्य आहे, तेव्हा परवानगीशिवाय आत तंबू नाही, शेकोटी तर नाहीच.

सगळे वाघाचं विचारतात, मला काळजी अस्वलाची. ते वारूळ उकरण्यात दंग असतं, अवचित माणूस दिसला की थेट अंगावर येतं. म्हणून पहाटे, तिन्हीसांजेला एकटा फिरू नकोस, गप्पा मारत चाल. खायचं सामान तंबूत ठेवू नकोस. ओल्या जागी जळू चिकटली तर ओढू नकोस. कातडीलगत नख सरकवून सोडव. जळवेवर मीठ-तंबाखू टाकण्यावर माझा फारसा विश्वास नाही. आणि इथल्याच बारापेडेच्या गुहांत दुर्मिळ वटवाघळं राहतात, तिकडे बॅटरी घेऊन जायची हौस नको.