अमेरिकेत दोन आठवड्यांच्या सुट्टीत निसर्ग पाहावा की शहरं?

दोन्ही पाहा, पण एकच किनारा धरा. पंधरा दिवसांत न्यूयॉर्क, नायगारा, ग्रँड कॅन्यन आणि सॅन फ्रान्सिस्को कोंबलं, तर बरीचशी सुट्टी विमानतळांवरच जाते. नायगारासुद्धा न्यूयॉर्कच्या शेजारी नाही. गाडीने सहा-सात तास लागतात.

पहिलीच खेप असेल तर मी पश्चिमेकडे जायला सांगेन. शहरं पुढे कामानिमित्त किंवा नातेवाइकांकडे जाताना पाहून होतील; तिथले लाल खडक मुद्दाम वाट वाकडी केल्याशिवाय दिसत नाहीत. लास व्हेगासला उतरून गाडी भाड्याने घ्या. झायन राष्ट्रीय उद्यान अडीच-तीन तासांवर, पुढे ब्राइस कॅन्यन हे तसंच दुसरं उद्यान, मग ग्रँड कॅन्यनची दक्षिण कड. तिथे एक रात्र राहाच! दरी सुमारे दीड किलोमीटर खोल आहे, पण भर दुपारच्या उन्हात ती सपाट चित्रासारखी वाटते. सूर्य कलला की सावल्या भरतात आणि एकामागची एक कड वेगळी दिसू लागते. एका दिवसाच्या बससहलीत नेमकं हेच हुकतं. कड समुद्रसपाटीपासून सुमारे २१०० मीटर उंच, त्यामुळे मे महिन्यातही पहाटे स्वेटर लागतो.

शेवटचे तीन-चार दिवस सॅन फ्रान्सिस्को. योसेमिटी राष्ट्रीय उद्यान जोडायचं तर मे-जूनमध्ये जा. ऑगस्टपर्यंत तिथला मोठा धबधबा बहुतेकदा आटलेला असतो.

आईवडील बरोबर असतील आणि त्यांना फार चालवत नसेल, तर मात्र पूर्व किनारा बरा. न्यूयॉर्कहून वॉशिंग्टन रेल्वेने साधारण साडेतीन तास, आणि तिथली स्मिथसोनियनची संग्रहालयं फुकट आहेत.